अक्कांचं बजट

किराणा आणायला निघायच्या आधी अक्का जेवून घ्यायच्या. सकाळ असो की दुपार टळून गेलेली असो, अर्धी भाकरी, तोंडी लावायला कांदा, वर तांब्याभर पाणी. मग तोंड पुसायचं, पदर खोचायचा, आपल्या वडिलांचं जुनं पुरुषी घड्याळ मनगटावर चढवायचं आणि मगच पिशवीला हात लावायचा. लग्न होऊन आल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर चौसाळ्याला निघाले, तेव्हा त्यांनी माझ्याही पुढं भाकरीचा तुकडा ठेवला. मी म्हटलं, मला भूक नाही. त्या म्हणाल्या, "नसली तरी खा. उपाशी बाई दुकानात गेली की पोटच खरेदी करतंय. मग घरी येऊन बघावं तर निम्मं सामान नको असलेलं."

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी गेवराईची, शहरात वाढलेली, दोन वर्षं कॉलेज केलेली. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. अंगानं काटकुळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की मळ्यातल्या माणसाला घरातून हाक मारली तरी तो ओ द्यायचा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो वाजला की पोरं अभ्यासाला बसायची आणि माझे दीर, म्हणजे अक्कांचे मालक, खिशातली तंबाखूची पुडी आत सारायचे.

आमचं घर चौसाळ्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्याला लागून. सासऱ्यांना सगळा भाग दादा म्हणतो. ते पूर्वी पंचायत समितीवर निवडून आले होते. मी आले तेव्हा कुठल्याच पदावर नव्हते, पण पद गेलेल्या पुढाऱ्याकडं पदावरच्यापेक्षा जास्त माणसं येतात, हे मला त्या घरात कळलं. पद असलं की कामापुरती येतात. पद नसलं की नुसती बसायला येतात.

आणि बसलं की चहा. दादांची बैठक दिवस उगवल्यापासून दिवे लागेपर्यंत भरलेली असायची. एक गडी चहाचा ट्रे घेऊन सारखा आत-बाहेर करायचा. कुणी तालुक्याचा आला की चहाबरोबर बिस्किटं, चिवडा. कुणी जिल्ह्याचा आला की मटण. साखर पोत्यानं यायची आणि पोतं कधी संपलं हे कुणालाच सांगता यायचं नाही. तेल, शेंगदाणे, पोहे, काजू, सगळं चौसाळ्याच्या एका शेठजींच्या दुकानातून. "दादांच्या नावावर लिव्हा," एवढं म्हटलं की झालं. त्या घरात सून म्हणून आल्याचा मला पहिल्या वर्षी फार अभिमान होता. माहेरी सांगायचे, आमच्याकडं चूल म्हणून विझत नाही.

अक्का तेव्हाही काटकसरी होत्या, पण ती त्यांच्या हाताला असलेली सवय होती, सत्ता नव्हती. तेलाची रिकामी पिशवी त्या कापून उलटी करायच्या आणि तिच्यातच भाकरीचं पीठ फिरवून घ्यायच्या. साबणाच्या चिपट्या नव्या वडीला चिकटवायच्या. घरातले पुरुष हसायचे. त्याही हसायच्या. एकीकडं त्या थेंब थेंब तेल वाचवायच्या आणि दुसरीकडं बैठकीतून निरोप यायचा की भजी टाका, माणसं वाढलीत.

हे बदललं ते एका दुपारी. शेठजी स्वतः घरी आले होते. दिवाळी होऊन गेली होती, सोयाबीनचे पैसे आले होते आणि गेलेही होते, आणि दुकानाचा हिशेब तसाच होता. त्यात मधे एक निवडणूक झालेली. शेठजी गोड माणूस. कधी आवाज चढवायचे नाहीत. ते दादांना म्हणाले, "पैशाचं राहू द्या हो दादा. रोडलगतचे ते दोन गुंठे आहेत ना, ते माझ्या नावावर करा. तुम्हाला बी जड न्हाई, मला बी गोडाऊनला जागा झाली."

दादा म्हणाले, "बघू."

ते 'बघू' होकाराचं होतं. अक्का तेव्हा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या दिवशी गडी नव्हता म्हणून त्याच चहा घेऊन निघाल्या होत्या, मी मागं बिस्किटाची ताटली घेऊन. त्यांनी ऐकलं, वळल्या, आणि भरलेले कप तसेच आत नेऊन ओट्यावर ठेवले. त्या घरातल्या बैठकीतून चहा परत आलेला मी पहिल्यांदा पाहिला. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुन्हा बाहेर गेल्या, रिकाम्या हातानं.

"मामंजी, दोन गुंठे कशापायी चाललेत?"

दादांनी वर पाहिलं. सून बैठकीत येऊन बोलते हे त्यांना नवं होतं. "किराण्यापायी," ते म्हणाले.

"आपण घरातली अकरा माणसं. आपण कितीबी खाल्लं तरी दोन गुंठे जमीन खाणार न्हाई. ही चहानं खाल्ली."

दीर म्हणाले, "तू आत जा. राजकारणात चूल मोजत नसतेत."

"मंग राजकारण मोजा," अक्का म्हणाल्या. "कुणीतरी काहीतरी मोजलं पायजे."

शेठजी हसले. अक्कांनी त्यांच्याकडंच तोंड वळवलं. "शेठ, एक वर्स थांबा. आजपासून तुमच्या दुकानातून उधारीवर काडीपेटी न्हेणार न्हाई. जे न्हेऊ ते रोख. आन् मागलं महिन्याच्या महिन्याला थोडं थोडं. वर्सानं राहिलं तर मी स्वतः मामंजींना म्हणंल, सही करा."

दादा म्हणाले, "कर. महिन्याभरात हात टेकशील."

अशा रीतीनं आमच्या घरात बजट आलं. अक्का बजेट म्हणायच्या नाहीत, बजट म्हणायच्या, आणि तो शब्द उच्चारताना मान जरा ताठ करायच्या. डेअरीचे दुधाचे पैसे स्वयंपाकघराचे, एवढंच त्यांनी मागून घेतलं. त्यातले निम्मे शेठजींच्या मागल्या हिशेबाला आणि उरलेल्यात महिना.

मला वाटलं आता वही येईल, पेन येईल. मी तर माझी कॉलेजची एक कोरी वही काढून दिली. त्यांनी ती पोरांना देऊन टाकली. "लिव्हून काय करती? लिव्हलेलं संपल्यावर कळतंय. मला संपायच्या आधी कळाया पायजे." त्यांनी जुन्या लुगड्याच्या चार पिशव्या शिवल्या. महिन्याचं सामान आलं की ते जमिनीवर मांडायचं आणि चार आठवड्यांच्या चार वाटण्या करायच्या. डाळ, साखर, चहापत्ती, शेंगदाणे, मसाला, तेलाच्या बाटल्या, सगळं. पिशव्या कोठीच्या खोलीत खुंट्यांना टांगायच्या. चालू आठवड्याची पिशवी उघडी, बाकीच्यांना गाठ. पुढच्या आठवड्याची गाठ काही झालं तरी सुटायची नाही. महिन्याला दोन-तीन दिवस वर राहायचे, त्यांच्यासाठी त्या दर आठवड्यातून मूठ मूठ काढून एक लहान गाठोडं बांधायच्या.

पाचवी पिशवी मात्र होती, ती मला आधी कळलीच नाही. तिच्यात आंबेमोहर तांदूळ, गूळ, तुपाची बरणी. मी विचारलं तर म्हणाल्या, "ती पावण्याची. खरा पावणा आला तर."

"खरा म्हणजे?"

"जो भुकेला येतो त्यो."

पहिल्या महिन्यात तिसऱ्या आठवड्यात साखर संपली. आठवडा संपायला दोन दिवस होते. बैठकीत माणसं होती. अक्कांनी बिनसाखरेचा चहा केला आणि पाठवला. कुणीतरी एक घोट घेतला आणि दादांकडं पाहिलं. दादांनीही घोट घेतला. दादांचा आवाज आत आला, "अक्का, साखर?" अक्कांनी आतूनच सांगितलं, "सोमवारी." सोमवारपर्यंत बैठकीतली गर्दी निम्म्यावर आली.

दीरांनी दुसरा मार्ग काढला. ते माणसांना घेऊन फाट्यावरच्या हॉटेलात जाऊ लागले. तिथं त्यांचं खातं झालं. महिनाअखेर हॉटेलवाल्यानं घरी माणूस पाठवला. अक्कांनी त्याला आधी पाणी दिलं, मग विचारलं, "चहा कुणी पिला?"

"भाऊंनी आन् त्यांच्या माणसांनी."

"मंग भाऊ रानात हायेत, शेळीच्या गोठ्यापाशी. त्यांच्याकडून घ्या. माझ्या घरात पिला असता तर मी दिला असता."

दीरांनी स्वतःच्या कोंबड्या विकून ते पैसे दिले असं नंतर कळलं. त्यांनी चार दिवस अक्कांशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलावंच लागलं.

एवढं सगळं असून अक्का बाजारात कधी भाव करायच्या नाहीत. हे मला सगळ्यात नवल वाटायचं. नांदूरघाटच्या बाजारात माझी आई असती तर तिनं मेथीच्या जुडीसाठी पाऊण घंटा घातला असता. अक्का भाजीवालीपुढं बसायच्या, काय सांगितलं ते द्यायच्या, उठायच्या. मी एकदा म्हटलं, "अक्का, जरा कमी करून मागा की, ती देते."

"देती, कावून की तिला आज इकायचंच हाय. सांजच्याला ती बी किराणा घेऊनच घरी जाणार ना? आपलं बजट तिच्या पिशवीतून कशाला काढायचं?" मग थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "मला परवडत न्हाई तर मी जुडी घेत न्हाई. एवढंच माझ्या हातात हाय."

एकदा आमचे हे आम्हां दोघींना बीडच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. थंड हवा, चकचकीत फरशी, ढकलगाडी. अक्का घरून जेवून निघाल्या होत्या हे सांगायला नकोच. त्यांनी ढकलगाडी घेतली आणि एकेक कप्पा बघत निघाल्या. प्रत्येक वस्तूची किंमत मोठ्यानं वाचायच्या. एका पोरीनं त्यांना सांगितलं, मावशी, ह्या डब्यावर एक डबा फुकट आहे. अक्कांनी तिला विचारलं, "आन् एकच घेतला तर निम्म्या पैशात देती का?" ती नाही म्हणाली. "मंग फुकट कुठं झाला बाई? मी दोनाचे पैसे देऊन दोन न्हेले." ती पोर हसायला लागली. अक्का सगळं दुकान फिरल्या, आणि मिठाची एक पिशवी घेऊन पैसे द्यायला उभ्या राहिल्या. मागं माणसं भरलेल्या गाड्या घेऊन उभी. मला लाज वाटत होती. अक्का मात्र पैसे घेणाऱ्या पोराला म्हणाल्या, "लई चांगलं दुकान काढलंय. स्वच्छ हाय. बघून पोट भरलं." आणि खरंच खूश होऊन बाहेर आल्या. जत्रा बघून आल्यासारख्या.

ही सवय कुठून आली ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून नाही. आम्ही दोघी तूर निवडत बसलो होतो. त्यांचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. थंडीच्या आधी जायचे ते उन्हाळा लागल्यावरच यायचे. मागं घरी अक्का, आजी आणि दोन धाकटे भाऊ. आजीला दिसत नव्हतं, म्हणून घर अक्कांच्या हातात. "आई जाताना जे ठिवून जायची त्यात ती येऊस्तोर भागवायचं. संपलं तर संपलं. दुकानदार लेकरांना उधार देत न्हाई." तूर निवडता निवडता त्या मधेच हसल्या. "एका वर्सी शिमग्यालाच गूळ संपला. धाकट्यानं लई रडून घेतलं. तवापासून मी वाटण्या करूनच टांगते."

एवढंच बोलल्या. मी त्यांच्या हाताकडं बघत राहिले. मला तेव्हा कळलं की आम्ही ज्याला त्यांची खोड म्हणायचो, ती एका लहान मुलीनं तीन माणसं जगवण्यासाठी शोधून काढलेली रीत होती.

वर्ष अर्धं सरलं आणि निवडणूक आली. दादांना जिल्हा परिषदेची उमेदवारी मिळायची चिन्हं होती. एका दुपारी काही न सांगता तीन गाड्या दारात उभ्या राहिल्या. जिल्ह्याचे एक बडे पुढारी, त्यांची माणसं, ड्रायव्हर. दादा आत आले. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. म्हणाले, "अक्का, आजच्या दिवस. मटण आणायला पाठवतो. काजू, बासमती, जे लागंल ते."

"पैसे हायेत का मामंजी?"

"शेठकडून आणू."

"शेठला मी शब्द दिलाय."

"अगं, उमेदवारी ठरायला आलेत ते."

अक्कांनी मान खाली घातली. मी बाजूला उभी. मला वाटलं, आता त्या हो म्हणतील, म्हणायलाच पाहिजे. त्या म्हणाल्या, "जेवल्याशिवाय कुणी जाणार न्हाई. पर जे घरात हाय ते वाढीन."

ज्वारीच्या भाकरी, तुरीची आमटी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. पावण्याच्या पिशवीतलं तूप त्यांनी काढलं, गूळही काढला. ओसरीवर एकच पंगत मांडली. पुढारी, त्यांची माणसं, ड्रायव्हर, आमचा गडी, सगळे एका रांगेत. ड्रायव्हर पोटभर जेवले. एकानं तर तिसरी भाकरी मागून घेतली. पुढाऱ्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, हात धुतला आणि बोलता बोलता दादांना म्हणाले, "घरचं चाललंय ना बरं सगळं? काही अडचण असंल तर सांगत जा." दादांची कानशिलं लाल झाली.

उमेदवारी दुसऱ्याला गेली. कारणं पुष्कळ असतील. पण आमच्या भागात एकच कारण सांगितलं गेलं, दादांच्या घरी आता भाकरी-आमटीवर आलंय, त्यांच्यावर पैसा कशाला लावायचा.

दादांनी अक्कांशी बोलणं बंद केलं. रागावून नाही. नुसतं बंद. ताट आलं की जेवायचे, उठायचे. काही लागलं तर पोरांकडून सांगायचे. घरात सगळ्यांनी अक्कांना बोल लावले. दीर बोलले, माझे हे बोलले, गावातल्या बायका तर घरी येऊन बोलून गेल्या. मीसुद्धा एका संध्याकाळी गोठ्यात त्यांच्यापाशी जाऊन म्हटलं, "अक्का, एक दिवस सोडलं असतं तर काय बिघडलं असतं?"

धार काढता काढता त्या म्हणाल्या, "एक दिवस सोडला असता, तर निवडणुकीपतोर रोज त्यो एक दिवसच आला असता." मग दुधाची चरवी बाजूला सरकवून म्हणाल्या, "वाईट मलाबी वाटलं ग. उमेदवारीचं न्हाई. मामंजींचं तोंड बघून वाटलं. मला ह्या घरात त्यांनीच आणलं. ऊसतोड्याची पोरगी म्हणून बाकीचे नको म्हणत होते."

चुकले, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. आणि पिशव्यांची गाठ सैल केली नाही.

वर्ष पुरं व्हायच्या आधीच शेठजींचा मागला हिशेब मिटला. शेवटचे पैसे द्यायला अक्का स्वतः गेल्या, नेहमीसारख्या जेवून. मी बरोबर होते. शेठजींनी उठून खुर्ची दिली आणि चहा मागवला. अक्का कुठल्याही दुकानात चहा घ्यायच्या नाहीत. त्या दिवशी घेतला. सावकाश, बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत. शेठजी म्हणाले, "अक्का, तुमच्यासारखं गिऱ्हाईक मला परवडत न्हाई." पण ते हात जोडून म्हणाले. घरी येताना रोडलगतचे ते दोन गुंठे आले, तिथं अक्का रिक्षातून वाकून बघत होत्या. तण माजलेलं होतं. "उद्या खुरपाया घेऊ," एवढंच म्हणाल्या.

दादांना त्यांनी सांगितलं नाही. मी सांगितलं. दादा म्हणाले, "हं."

मग काही वर्षांनी टाळेबंदी आली. रस्ता, जो कधी झोपायचा नाही, तो ओस पडला. काही आठवड्यांनी कारखान्यांवरून ऊसतोडीची माणसं ट्रकनं परत येऊ लागली. त्यांना गावात घेईनात. गावाबाहेरच्या शाळेत आणि शिवारात पालं ठोकून त्यांना राहायला लावलं. लोक लांबून बघायचे आणि घरात शिरायचे. सरकारी धान्य येणार होतं, पण ते अजून यायचं होतं. शाळेच्या कुंपणापाशी एक म्हातारी लेकराला पाणी पाजत बसलेली अक्कांनी गच्चीवरून पाहिली. त्या खाली आल्या आणि कोठीच्या खोलीत गेल्या.

मी मागं गेले. त्यांनी चारही पिशव्या खुंट्यांवरून काढल्या होत्या. एवढ्या वर्षांत वेळेआधी कधी न सुटलेल्या गाठी त्या एका दमात सोडत होत्या. पावण्याची पिशवीसुद्धा. सगळं सामान जमिनीवर मांडलं आणि सगळ्या घराला तिथं बोलावलं.

"ज्वारी हाय, तूर हाय, त्याला तोटा न्हाई," त्या म्हणाल्या. "पर तेल, साखर, मसाला, शेंगदाणे हे एवढंच हाय आन् दुकानातबी मिळंना गेलंय. एवढ्यात आपण आन् शाळेतली माणसं, दोघांनी महिना काढायचा. मी कुणावर जबरदस्ती करणार न्हाई. ज्यानं त्यानं आपलं काय सोडताव ते सांगा."

पोरांनी बिस्किटं सोडली, जरा रडत. मी शेंगदाण्याची चटणी सोडली, ती मला जेवणात रोज लागायची. आमच्या ह्यांनी तळलेलं सगळं. दीर म्हणाले, "सकाळचे पोहे बंद." सासूबाई उपवासाचा साबुदाणा घेऊन आल्या आणि ढिगात ओतून गेल्या.

दादा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. उमेदवारी गेल्यापासून त्यांनी अक्कांना एक शब्द सरळ दिला नव्हता. ते म्हणाले, "अक्का, माझा चहा सोडल्यात धर."

अक्कांनी वर पाहिलं. "सकाळचा राहू द्या मामंजी. चहा नसला की तुमचं डोकं दुखतंय."

"सगळा धर म्हणलो ना."

अक्का पुन्हा पिशव्यांकडं वळल्या, नव्या वाटण्या भरल्या आणि एकीला गाठ मारायला घेतली. ती एकच गाठ त्या किती वेळ बांधत होत्या. मी बाकीच्या तीन बांधून खुंट्यांना टांगल्या, तरी त्यांची ती एक व्हायची होती.

त्या दिवसापासून सरकारी धान्य सुरळीत होईपर्यंत शाळेतली चूल आमच्या घरातून चालली. मी भाकरी थापायचे, अक्का आमटीला फोडणी द्यायच्या, पुरुष पातेली नेऊन कुंपणाशी ठेवायचे. वाढायला दादा उभे राहायचे, तोंडाला उपरणं बांधून, हातात लांब दांड्याचा डाव. दोन-तीन दिवस त्यांचं डोकं एवढं दुखलं की डोळे लाल झाले. पण वाढताना ते एकेकाला नावानं हाक मारायचे, आणि ज्याचं नाव माहीत नव्हतं त्याला विचारून घ्यायचे. कुणी संकोच करून थोडंच घेतलं तर म्हणायचे, "घे की. आमच्या अक्काचं माप हाय, कमी पडत न्हाई." कुणी त्यांना पुढारी म्हणून पाहिलं असेल की नाही, मला माहीत नाही. मी मात्र त्यांना माणसांमधे एवढं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

आमची बैठक आता तशी भरत नाही. दादा थकलेत. गाड्या दारावरून जातात, थांबत नाहीत. त्याबद्दल मला काही वाटत नाही. कुणी विचारलं तर मी सांगते, आमच्या घराची गेल्या काही वर्षांत कुणाकडं उधारी नाही, आणि आमच्या घरातून कुणी उपाशी गेलेलं नाही. हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते, अगदी अक्कांची होते तशी.

यंदा दिवाळीनंतर ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघाले. बिऱ्हाडं, कोयते, शेळ्या, लेकरं, सगळं ट्रॉलीत भरलेलं. त्यातला एक आमच्या दारात थांबला. बायका उतरल्या. टाळेबंदीतल्या काही ओळखीच्या, काही नव्या. त्यांच्यात एक नवी सून होती, पहिल्यांदाच तोडीला निघालेली, नाकात नवीन चमकी. ती बरोबरच्या बाईला विचारत होती, "इथं कावून थांबलो? कुणाचं घर हाय हे?"

"अक्काचं," ती बाई म्हणाली.

दादा ओसरीवर बसलेले होते. त्यांना ऐकू गेलं. हे घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, आणि चाळीस-पन्नास वर्षं सगळा भाग त्याला दादांचं घर म्हणतो. त्यांनी त्या पोरीकडं पाहिलं आणि म्हणाले, "व्हय बाळ, अक्काचंच. आत जा, जेवून घे. घाई असंल तर बांधून घे."